आधी मी ऐकलं होतं

नवा बॅण्ड सापडला की माणसाला तो ऐकावासा वाटतो, असा एक समज आहे. तो खोटा आहे. नवा बॅण्ड सापडला की तो कुणालातरी पाठवावासा वाटतो. ऐकायचं काय, ते सवडीनं होतं. पहिली वीस सेकंदं कानावर पडतात, गिटार जरा तिरकी वाजते, खाली बघावं तर हे गाणं आजवर फक्त ३१२ वेळा वाजलेलं असतं, आणि अंगठा शिवशिवायला लागतो. म्हणजे आपण ३१३वे! एवढ्या मोठ्या देशात ३१३वे! पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला कळलीच नाही, तर त्या ३१३वेपणाला चाटायचंय का? मग मी ठाण्याच्या माझ्या कॉलेजमित्राला लिंक पाठवतो. सोबत लिहितो, "ऐक. आत्ताच सापडलं." दोन निळ्या खुणा उमटतात आणि उत्तर येतं, "ऐकलंय रे. पहिला ईपी जास्त चांगला होता."

लग्नाच्या पंगतीत पानावर बसलेल्याला उठवून "तुम्ही पुढच्या पंगतीला बसा" म्हणतात ना, तसं होतं.

मी आगरदांड्याला राहतो. मुरुडच्या दक्षिणेला, राजपुरीच्या खाडीवर. समोर दिघी. मधल्या पाण्यातून गाड्या नेणारी फेरीबोट चालते, तिला इथं सगळे जंगल जेटी म्हणतात. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरला निघालेल्या मुंबई-पुण्याच्या गाड्या शनिवारी सकाळी तिच्यासाठी रांग लावतात आणि ती रांग माझ्या दुकानापर्यंत येते. दुकानाच्या पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, सातबारा, पासपोर्ट फॉर्म असं लिहिलेलं आहे. पाटीवर नसलेली एक सेवा मी देतो: येणाऱ्या-जाणाऱ्याला अनोळखी रॉक बॅण्ड ऐकवतो. मोफत असूनही या सेवेला गिऱ्हाईक नाही.

दुकानात वायरचं इंटरनेट येतं, पण डोंगराच्या कुशीत असल्यामुळे मोबाइलला रेंज येत नाही. रेंज हवी तर जेटीच्या टोकाला जायचं. ही रचना ज्यानं केली त्याला ऑनलाइन खरेदी ठाऊक नसावी. बॅण्डकॅम्प नावाची एक साइट आहे, २००८पासूनची. तिथं बॅण्ड स्वतःच आपली गाणी विकायला मांडतात, किंमत स्वतः ठरवतात, आणि डिजिटल विक्रीतले शंभरातले साधारण पंधरा साइटवाले ठेवून घेतात. बाकीचे बहुतेक कलाकाराला. हे ऐकल्यापासून मला फुकट ऐकायची लाज वाटू लागली आणि मी एक आल्बम विकत घ्यायचं ठरवलं. कार्डाचा नंबर घातला. पडद्यावर आलं, "आपल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे." मोबाइल माझ्या खिशात, आणि ओटीपी जेटीवर.

मी जेटीवर धावत गेलो. ओटीपी मिळाला. धावत परत आलो तर मुदत संपलेली. मग पुतण्याला फोन देऊन जेटीच्या टोकाला उभं केलं. तो आकडे ओरडणार, तिकीट देणारा पोरगा ते पुढं सरकवणार, त्याच्याकडून सुकट विकणारी मावशी घेणार, ती मला सांगणार. बँकेनं त्याच मेसेजमध्ये "हा क्रमांक कोणालाही सांगू नका" असं लिहिलं होतं, ते पुतण्यानं नंतर सांगितलं.

"चार! सात! सात! शून्य!" मावशी ओरडली. मी घातले. चूक.

"मावशी, नीट सांगा! सात दोनदा की एकदा?"

"तो बोल्ला तसा मी बोल्ले! तुला पायजे तितक्यांदा घाल!"

रांगेतल्या एका गाडीची काच खाली झाली. आतले गृहस्थ आदरानं म्हणाले, "आज काय, ओपन की क्लोज?"

दुपारपर्यंत गावातल्या दोघांनी तो आकडा लावल्याचं कानावर आलं. त्यांना लागला की नाही, माहीत नाही. मला तर नाहीच लागला.

माझ्या या खरेदीवर निसर्गाचाही डोळा आहे, आणि इथं मी निसर्ग हा शब्द नाव म्हणून वापरतोय. टाळेबंदीत कलाकारांचे कार्यक्रम बंद पडले तेव्हा बॅण्डकॅम्पनं २० मार्च २०२०ला एक दिवस आपला हिस्सा सोडून दिला. तोही बॅण्डला. ते लोकांना इतकं आवडलं की पुढं महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तसं करायला लागले. जूनमधला शुक्रवार ५ तारखेला होता. मी यादी करून, पैसे बाजूला काढून तयार होतो. बुधवारी, ३ जूनला, निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर चढलं. पोफळी आडव्या, खांब आडवे, तारा रस्त्यात. शुक्रवारी बॅण्डकॅम्पनं आपला हिस्सा सोडला तेव्हा आमच्या दुकानानं पत्रे सोडलेले होते. वीज यायला किती आठवडे लागले ते विचारू नका. वीज आल्यावर मित्राचा पहिला मेसेज दिसला, "यादीतलं सगळं घेतलं. तू काय घेतलंस?" मी लिहिलं, "ताडपत्री."

चिकाटी मात्र या भागाच्या पाण्यातच आहे. शेजारचा जंजिरा घ्यायला संभाजी महाराजांनी १६८२मध्ये समुद्रात भराव टाकून सेतू बांधायला काढला होता. किल्ला हाती आला नाही, पण वेढा कसा घालावा ते आम्हाला कळलं. पूर्वी मुरुडच्या सायबर कॅफेत मी एकेका गाण्याला असाच वेढा घालून बसत असे. वॉरेन मेंडोन्सानं 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' या नावानं २००७मध्ये 'नाइट्स इन शायनिंग कर्मा' हा आल्बम काढला आणि तो लोकांना फुकट उतरवून घ्यायला दिला. फुकट आहे म्हटल्यावर मी दुपारी बसलो. अर्धं गाणं उतरलं की वीज जायची. कॅफेवाला ताशी पैसे घ्यायचा. फुकटच्या त्या आल्बमच्या पैशात मुंबईला जाऊन, कॅसेट घेऊन, इराण्याकडे ऑम्लेट खाऊन परत आलो असतो.

त्या कॅसेटच्या काळात आम्ही कुणाला लिंक पाठवत नव्हतो, आख्खा माणूस पाठवत होतो. नव्वदच्या दशकात मी मुंबईला शिकायला होतो. धोबीतलावाच्या रंगभवनात 'इंडिपेन्डन्स रॉक' व्हायचं, १९८६पासून चालत आलेलं. काळे टीशर्ट घातलेली हजारो मुलं आणि उघड्या आभाळाखाली भिंतीएवढे स्पीकर. तिथं जायला घरून परवानगी मिळवताना मी वडिलांना सांगितलं होतं, "तिकडे इंडस क्रीड म्हणून बॅण्ड आहे, त्यात टिनाईकर गिटार वाजवतात." महेश टिनाईकर. आडनाव ऐकून वडील सैलावले. म्हणाले, "टिनाईकर असतील तर वेळेवर संपेल." संपलं नाही. मुरुडची शेवटची एसटी चुकली आणि त्या रात्री मी स्टॅण्डवर बसून, बधिर कानांनी, शेजारी झोपलेल्या गृहस्थांना नव्या बॅण्डची माहिती दिली. ते झोपलेले असल्यामुळे "ऐकलंय" म्हणाले नाहीत. इतका गुणी श्रोता मला पुन्हा मिळाला नाही.

पुढं 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक मी टपालानं मागवू लागलो. १९९३मध्ये निघालेलं हे मासिक निघायचं कुठून, तर अलाहाबादहून. पाकिटावर अलाहाबाद वाचून आमची आजी ते आधी देवापुढं ठेवायची, मग हळद-कुंकू लागलेल्या पाकिटातून केस मोकळे सोडलेला ड्रमर बाहेर यायचा. आजी म्हणायची, "साधू तरुण दिसतोय."

मग मायस्पेस आलं. जगातले झाडून सगळे होतकरू बॅण्ड तिथं गोळा झाले. मला वाटलं, आता कॅसेटी सांभाळायचं कारण नाही, सगळं अमेरिकेत नीट ठेवलेलं आहे. २०१९मध्ये मायस्पेसनं सांगितलं की सर्व्हर हलवताना जुनी गाणी गेली. २००३ ते २०१५पर्यंत लोकांनी चढवलेली, सुमारे ५ कोटी गाणी. माझ्या कॅसेटी पोटमाळ्यावर चार पावसाळे नुसत्या गोणपाटात होत्या. त्यांना हिरवी बुरशी आली, एकीत पालीनं अंडी घातली, तरी वाजतात. बायकोनं बातमी वाचली आणि म्हणाली, "तिकडच्यांनीही गोणपाट वापरायला हवं होतं."

बायकोचा माझ्या संगीताला विरोध नाही. तिच्या फक्त शंका असतात. एका रात्री मी तिला पोस्ट-रॉक ऐकवत होतो. या प्रकारात गिटारी हळूहळू, समुद्राला भरती यावी इतक्या सावकाश चढत जातात आणि गाणं आठ-नऊ मिनिटं चालतं. तीन मिनिटं झाल्यावर तिनं विचारलं, "गाणं कधी सुरू होणार?"

"हेच गाणं आहे."

"गायक यायचाय अजून?"

"यात गायक नसतो."

"मग एवढा वेळ थांबलेत कुणासाठी?"

दुकानातही असंच. एकदा एक पालक शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आले आणि माझ्या पडद्यावर 'मॅथ रॉक' असं वाचून खुर्ची पुढं ओढून बसले. "हे दहावीला चालेल का हो? आमच्या पोराचं मॅथ्सच कच्चं आहे." मी म्हटलं, यात ताल सात मात्रांचा, मग अकराचा, असा मोजावा लागतो. ते म्हणाले, "चालेल. महिन्याचे किती?"

पण अभिरुची सुधारण्याच्या कामात मला सर्वांत मोठं यश मिळालं ते घरच्या ग्रुपवर. या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाची फुलं येतात, दुपारी गुडघेदुखीवरचे काढे आणि रात्री तीच फुलं, चंद्रासह. नातेवाईक मंडळींना एकदा तरी काही वेगळं द्यावं म्हणून मी मुंबईच्या एका बॅण्डची लिंक टाकली. २००३पासून वाजवतायत, डेथ मेटलमधलं मोठं नाव. बॅण्डचं नाव 'भयानक मौत'. त्यांचं एक गाणं माझ्या ऐकण्यातून इतकी वर्षं सुटलं होतं. तेव्हा लिंकखाली मी भारावून लिहिलं, "आत्ताच कळलं. विश्वासच बसत नाही. सगळ्यांनी बघा."

आणि वीज गेली.

वीज गेली म्हणजे वायफाय गेलं. वायफाय गेलं, आणि मोबाइलला दुकानात रेंज तर नाहीच, म्हणजे माझा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मी शटर अर्धं ओढलं आणि आत निवांत झोपलो. बाहेरच्या जगात काय झालं ते नंतर क्रमवार वाचायला मिळालं. पनवेलच्या मामानं पहिल्यांदा विचारलं, "कोण?" त्यावर उत्तर नाही. दुसऱ्या मिनिटाला मेहुण्यानं हात जोडलेली खूण टाकली. त्यानं टाकली म्हणून बहिणीनं टाकली. मग 'भावपूर्ण श्रद्धांजली' सुरू झाल्या. कुणाला, ते एकालाही माहीत नव्हतं, पण श्रद्धांजलीत मागं राहिलं असं व्हायला नको. एका चुलत्यांनी तर "अतिशय मनमिळाऊ स्वभाव होता" असंही लिहिलं. मग कुणीतरी मला फोन लावला, तो लागेना, आणि मनमिळाऊ कोण होता याचा सगळ्यांना एकदम उलगडा झाला.

रोह्याची आत्या मिळेल त्या एसटीत बसली. संध्याकाळी वीज आली तेव्हा मी एका आधारकार्डाला लॅमिनेशन करत होतो. आत्या दारात उभी. डोळे सुजलेले. माझ्याकडे पाहिलं, पिशवी खाली टाकली आणि म्हणाली,

"मेल्या, जिवंत आहेस होय रे!"

रात्री उशिरा कुवेतच्या चुलतभावाचा फोन आला. आख्ख्या घराण्यात लिंक उघडून शेवटपर्यंत ऐकणारा तो एकटाच निघाला. म्हणाला, "ऐकलं सगळं. माणूस फार ओरडून ओरडून रडत होता रे. पण कोण गेलं ते काही नीट कळलं नाही."

गावात मला एकच खात्रीचं ठिकाण वाटत होतं, जिथं "ऐकलंय" हा शब्द कानी पडणार नाही. आमच्या शेजारचे चाचा. वय ऐंशीच्या पुढं. तरुणपणी बोटीवर इंजिन-रूममध्ये तेलवाला होते. या किनाऱ्यावरची बरीच मंडळी तशी दर्यावर गेलेली. चाचा रोज पेपर वाचायला दुकानात येतात. एकदा मला एक अगदी कोवळा बॅण्ड सापडला, आल्बम निघून आठवडाही झाला नव्हता. ड्रम एका लयीत, न थांबता, सरळ रेषेत चाललेले, त्यावर गिटारची एक बारीक तार. मी आवाज वाढवला. चाचांची बोटं टेबलावर ठेका धरू लागली. एकही ठोका चुकला नाही. मला भरून आलं.

"चाचा, आवडलं?"

"ऐकलंय."

"कसं शक्य आहे? मागच्या शुक्रवारी आलंय!"

"हॅम्बुर्गला. बहात्तर साली. बंदराजवळ एक बार होता, तिथं लावायचे. आम्ही जायचो त्याच्याचसाठी, बोटीचं इंजिन बंद असलं की करमायचं नाय ना." चाचांनी पेपर उलटला. "पण आमचं इंजिन ह्याच्याहून बरा वाजायचा."

घरी जाऊन मी पडताळून पाहिलं. 'नॉय' या जर्मन बॅण्डचा पहिला आल्बम १९७२चा, आणि त्यातल्या त्या सरळसोट ठेक्याला मोटोरिक असं नावच पडलेलं. ठाण्याच्या मित्राला हे सांगावं की नाही यावर मी फार विचार केला. शेवटी न सांगायचं ठरवलं. एक माणूस पन्नास वर्षं पुढं आहे हे त्याला कळून उपयोग काय?

राहिले पर्यटक. शनिवारच्या रांगेत कमीत कमी चाळीस गाड्या, त्यातल्या निम्म्यांत तरुण. मी दुकानाबाहेर स्पीकर ठेवला. एक बाई येऊन म्हणाल्या, "दादा, तुमच्या झेरॉक्स मशीनमध्ये काहीतरी अडकलंय." दुसऱ्या गाडीतल्यांना ती फेरीबोट सुटायची खूण वाटली आणि त्यांनी गाडी सुरू केली, त्यांच्यामागच्यांनी सुरू केली, आणि बोट अजून दिघीलाच असताना रांगेतल्या सगळ्यांनी भोंगे वाजवले. त्या दिवशीचा तो ध्वनी रेकॉर्ड केला असता तर एखाद्या जर्मन कंपनीनं काढला असता.

मग एकदा खरंच तो क्षण आला. रांग हलली होती, एक पुण्याची गाडी माझ्यापुढून जाताना थबकली, आतल्या मुलानं मान बाहेर काढली. "काका! हे कोण वाजवतंय?" आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी आपण होऊन विचारत होतं! स्पीकरवर पोस्ट-रॉक चालू होतं, 'झिया' नावाचा २०१७चा भारतीय आल्बम. पण मागून भोंगे सुरू झाले, त्याला गाडी बोटीवर चढवावी लागली. मी मागं धावलो. फळी उचलली गेली, बोट सुटली. मी जेटीच्या टोकावरून जीव खाऊन बॅण्डचं नाव ओरडलो.

"अ‍ॅज वी कीप सर्चिंग!"

"हो काका, सर्च करतो! पण नाव काय?"

"अ‍ॅज वी कीप सर्चिंग!"

"सर्च काय करू?"

"कीप सर्चिंग!"

"बरं!" त्यानं अंगठा दाखवला. बोट दिघीकडे गेली. तो पोरगा अजून शोधत असणार, आणि सापडणार नाही, कारण मी सांगितलेलं तो अक्षरशः पाळतोय.

इतकं सगळं झाल्यावर मी एक बॅण्ड हाती घेतला. नाव सांगणार नाही. उद्या ते मोठे झाले की आधी मीच ऐकलं होतं हे मला सांगायचं आहे, तोवर तुम्ही शोधू नये. चार मुलं, इंजिनियरिंगची, गाणी खोलीत रेकॉर्ड केलेली, मध्येच कुकरची शिट्टी ऐकू येते. त्यांचं एक गाणं स्पॉटिफायवर चारशेच्या आसपास अडकलं होतं. २०२४पासून तिथं नियम असा की वर्षभरात गाणं हजारदा वाजलं नाही तर त्याचे पैसे मिळत नाहीत. आणि एकदा वाजलं हे कधी धरायचं, तर तीस सेकंदं झाली की. मी हिशेब केला आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर ते गाणं सकाळी उदबत्ती लावतानाच चालू करू लागलो, ते शटर ओढेपर्यंत. सातबारा काढायला येणाऱ्यांना ते पाठ झालं. मावशी सुकट निवडताना दुसरा अंतरा गुणगुणत असे. पुतण्या तेवढा वैतागला.

पुतण्या बेंजो पथकात आहे. बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोल, मागं टेम्पोवर जनरेटर. आगरी-कोळ्यांच्या हळदी वाजवतात. त्यानं विचारलं, "काका, इंडिपेंडंट म्हणजे काय ते सांग ना एकदा."

"म्हणजे पाठीशी कंपनी नाही. पैसे स्वतःचे. मित्र मित्र मिळून वाजवतात. रेकॉर्डिंग घरी, व्हिडिओ आपला आपण काढायचा, आपणच चढवायचा."

"आणि आई ओरडते?"

"ओरडतेच."

"मग आम्ही काय आहोत?"

"तुमच्यात गिटार नाही."

"बेंजोला पिकअप लावून अ‍ॅम्प्लिफायर फाडतो आम्ही. गिटार काय वेगळं करते?"

"तुमच्या चाली ढापलेल्या असतात."

यावर पेपरमागून चाचा नुसते खोकले. बहात्तर सालातलं खोकले. मी विषय बदलला. पुतण्यानं मात्र २०१६च्या 'बॅन्जो' पिक्चरचं नाव काढलं, ज्यात न्यूयॉर्कची बाई आमच्यासारख्या बेंजोवाल्याला शोधत मुंबईत येते. म्हणाला, "न्यूयॉर्कवाले आम्हाला शोधतात आणि तू इथं बसून त्यांना."

दरम्यान हजाराचा आकडा कधीच मागं पडला होता. एके दिवशी बॅण्डचा मला मेल आला. आपले श्रोते कुठल्या गावचे ते बॅण्डला दिसतं, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. त्यांनी लिहिलं होतं की मुंबई-पुणे-बंगळूर सोडून एकदम मुरुड वर आलेलं आहे, तिकडे रॉकचं वातावरण जोरदार दिसतंय, आम्ही पुढच्या रविवारी दिवेआगरला चाललोच आहोत, तर चाहत्यांना भेटता येईल का?

मी बायकोला मेल दाखवला. ती म्हणाली, "चाहत्यांना जेवायला काय करू?"

रविवारी चौघं उतरले. काळे टीशर्ट, पाठीला गिटारी. इकडंतिकडं बघत म्हणाले, "सर, बाकीचे फॅन्स?" मी आधीच खुर्च्या मांडल्या होत्या. चाचा पेपर घेऊन बसले होते, सुकटवाली मावशी होती, शिष्यवृत्तीवाले पालक मुलाला घेऊन आले होते. मावशीनं दुसरा अंतरा म्हणून दाखवला. बॅण्डचा गायक हललाच. म्हणाला, "आमच्या आईलाही येत नाही हा." चाचांनी ड्रमरला जवळ बोलावून विचारलं, "कंच्या बोटीवर होतास?"

एवढ्यात पुतण्याचं पथक टेम्पोसकट आलं. संध्याकाळी जवळच एक हळद होती, जाता जाता थांबले. मुलांनी कुतूहलानं बेंजो हाताळला, जनरेटर बघितला, टेम्पोवरचे ते कर्णे बघितले. मग त्यांच्यातल्या एकानं अदबीनं विचारलं, "तुमच्याबरोबर एखादा शो करायचा असेल तर कसं?"

पुतण्याला वाटलं, सुपारी द्यायला आलेत. तो सरळ दर सांगू लागला. "हळदीचे पंचवीस. रात्री बारापर्यंत. जनरेटरचं डिझेल वेगळं, जेवण तुमचं. मे महिना पूर्ण गेलाय, एकही तारीख नाय. जूनमध्ये बघू, पण पाऊस पडला तरी अ‍ॅडव्हान्स परत नाय."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पंचवीस हजार?" गायक म्हणाला. "एका रात्रीचे? आणि मे महिना पूर्ण गेलाय?"

"पूर्ण."

गायक गप्प झाला. बेसवाल्यानं मोबाइलवर काही गुणाकार केला आणि गायकाला दाखवला. ड्रमर मात्र पुतण्याला हळूच बाजूला घेऊन गेला. मी कान दिला.

"दादा, तुमच्याकडे ड्रमर लागतो का हो? नाही म्हणजे, मे महिन्यापुरता."

पुतण्यानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"चालता चालता वाजवता येतं?"